पैलवानाचा खुराक कोणाकडे ?

हिंगोलीच्या दसऱ्याच्या मेळ्यांत म्हणा, किंवा नांदेडकडील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत म्हणा, कुस्त्यांचा फड आपल्यापैकीं बहुतेकांनीं एकदां तरी पाहिलेला असेल. हलगी कडाडूं लागते, लाल माती उधळली जाते, आणि प्रथम लहान लहान पोरें रेवड्यांवर अन् नारळावर झुंजतात. दुपार कलते तसतशी बक्षिसाची रक्कम चढत जाते, आणि दिवेलागणीच्या सुमारास पहिल्या नंबरची कुस्ती लागते. ती कधीं दोन मिनिटांत निकालांत निघते. कधीं अर्धा तास चालते आणि शेवटीं पंच ती बरोबरींत सोडवितात. जिंकणाऱ्याच्या डोक्याला फेटा बांधतात, त्याच्या हातांत नोटा पडतात, आणि फड मोडतो. माझा आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हा गडी आज पंधरा मिनिटें लढला. वर्षाचे बाकीचे तीनशें चौसष्ट दिवस तो कोणाच्या जिवावर जेवतो?

प्रश्न कांहींसा व्यवहारी वाटेल, परंतु कुस्तीचा सारा इतिहास मला त्यांतच सांठविलेला दिसतो. पैलवानाचें शरीर म्हणजे मोठें खर्चाचें काम. पहाटे उठून जोर-बैठका, हौदा खणून माती मोकळी करणें, मग लढती; संध्याकाळीं पुन्हा तेंच. इतकी मेहनत झाल्यावर दूध, तूप, वाटलेल्या बदामांची थंडाई, मटण, फळें हीं पोटांत गेलींच पाहिजेत. नाहीं तर ती मेहनतच अंगाला खाते. बरें, दोन वेळ असा घाम गाळणाऱ्या माणसाला शेताचें किंवा मजुरीचें काम करतां येत नाहीं. म्हणजे खर्च दुप्पट आणि कमाई शून्य, आणि हें एक-दोन महिने नव्हे, आठ-आठ दहा-दहा वर्षें. आपल्याकडे वस्ताद लोकांना 'धंदा' हा शब्द आवडत नाहीं, ते 'विद्या' म्हणतात. त्यांच्याबद्दल आदर राखूनहि मी म्हणेन, कीं जी विद्या माणसाचा सारा दिवस आणि सारें तारुण्य मागते, तिचा धंदा होणें अटळ आहे. वाद उरतो तो एवढाच, कीं पैसे कोणीं द्यावयाचे.

हा वाद आपल्याच मातींत उपजला असें मात्र नाहीं. अमेरिकेंत ओहायो प्रांतांत सिन्सिनाटी नांवाचें शहर आहे. तिकडे 'बेसबॉल' नांवाचा चेंडू-दांडूचा खेळ फार लोकप्रिय. त्या खेळांत पैसे घेऊन खेळणें पूर्वीं हलकें समजत. पैसे दिले-घेतले जात, पण गुपचूप. १८६९ सालीं सिन्सिनाटीच्या 'रेड स्टॉकिंग्ज' या संघानें तो पडदा दूर केला. हॅरी राइट या कप्तानाच्या हाताखालीं साऱ्या खेळाडूंना उघड वेतन ठरवून दिलें. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा करार. त्या वर्षीं हा संघ एकहि सामना हरला नाहीं. पुढच्या वर्षीं जूनमध्यें ब्रुकलिनच्या संघानें त्यांना प्रथम पराभूत केलें. मग गर्दी ओसरली, वेतनाचा बोजा चालकांना पेलेनासा झाला, आणि १८७० च्या अखेरीस क्लबानें पगारी खेळाडू ठेवणेंच सोडून दिलें. राइट बंधु बोस्टनला निघून गेले. उणीपुरीं दोन वर्षें ! तरी त्या देशांतील धंदेवाईक बेसबॉलचा प्रारंभ याच दोन वर्षांपासून धरण्याची प्रथा आहे. तिकडे खेळाडूचा धनी होता तिकीट काढणारा प्रेक्षक. तो रुसला, कीं खेळाडूनें गांव सोडावयाचें.

आपल्याकडे खेळाडूचा धनी होता राजा. पतियाळा, दतिया, बडोदें अशा संस्थानांत मल्ल पदरीं बाळगण्याची चाल होती. महाराष्ट्रांत या चालीचें सर्वांत समृद्ध रूप पाहावयाचें, तर कोल्हापुराकडेच गेलें पाहिजे.

शाहू महाराजांनीं २ एप्रिल १८९४ रोजीं राज्यकारभार हातीं घेतला, तेव्हां ते वीस वर्षांचेहि नव्हते. धिप्पाड देहाचे हे राजे स्वतः तालमींत घुमलेले. त्यांच्या अमदानींत तालमींना आश्रय मिळाला, मल्लांच्या खुराकाची सोय दरबारानें पाहिली, आणि पंजाबापर्यंतच्या पैलवानांची पावलें पंचगंगेच्या कांठीं वळूं लागलीं. हे परप्रांतीय मल्ल बहुधा मुसलमान. त्यांच्याशीं जोड लावण्याकरितां इकडचीं मराठी पोरें तयार करावयाचीं, आणि त्यांच्याच अंगावर शिकवावयाचीं, असा हा व्यवहार होता. घिस्सा, ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव शिकतांना जातधर्माची चौकशी कोणी करीत नसे, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तें पुरतें खरें नव्हे. अस्पृश्य मानलेल्या जातींतील गड्यांना फडांत उतरणें त्या काळीं सोपें नव्हतें. महाराजांनीं त्यावर आपल्या स्वभावाला साजेशी युक्ति काढली. महार पैलवानांस त्यांनीं 'जाट', चांभार पैलवानांस 'सरदार' आणि भंगी पैलवानांस 'पंडित' अशीं नांवें दिलीं, आणि त्या नांवांनीं त्यांना मैदानांत उभें केलें. नांव बदलल्यानें जात जाते असा त्यांचा समज असेल, असें मला वाटत नाहीं. परंतु एकदां गडी मातींत उतरला, कीं त्याची पाठ लागते कीं नाहीं एवढेंच लोक पाहतात, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

आतां खासबागेकडे येऊं. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं महाराज विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृह त्यांनीं पाहिलें, आणि असें कांहीं आपल्या पैलवानांसाठीं असावें हा विचार तेथेंच त्यांच्या मनांत आला, असें कोल्हापुरांत सांगतात. मैदानाचें काम १९०७ मध्यें सुरू झालें व १९१२ मध्यें पुरें झालें. रचना वाटोळी, मधोमध मातीचा हौदा, आणि त्याच्या सभोंवार चढत गेलेल्या उतारावर प्रेक्षकांची बैठक. मध्यें खांब नाहीं, आडवें कांहीं नाहीं. सर्वांत मागें बसलेल्या खेडुतालाहि पैलवानाची पाठ मातीला लागली कीं नाहीं तें स्वतःच्या डोळ्यांनीं दिसावें. ज्यांनीं जत्रेंतल्या फडांत पुढच्याच्या पागोट्याआड उभें राहून कुस्ती ऐकली आहे — पाहिली असें म्हणवत नाहीं — त्यांना या सोयीचें मोल निराळें सांगावयास नको. शेजारींच महाराजांनीं १९१५ मध्यें पॅलेस थिएटर उभारलें. त्यालाच पुढें नटवर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. गवई आणि पैलवान असे एका भिंतीला पाठ लावून नांदले, हा योग एका राजाच्या दोन्ही आवडींतून आला.

या मैदानाविषयीं बोलतांना लोक महाराजांच्या औदार्याची स्तुति करतात, ती यथार्थच आहे. मला मात्र त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. चार सरदार आणि दहा मानकरी यांच्यासाठीं कुस्ती लावावयाची, तर राजवाड्याचा चौक पुरला असता. हजारों लोक बसतील असें मैदान ज्यानें बांधलें, त्यानें कुस्ती दरबारांतून बाहेर काढून लोकांच्या हवालीं केली. पैलवानाला दुसरा एक धनी त्या दिवशीं मिळाला. पहिला धनी हयात असेपर्यंत त्या दुसऱ्याची गरज फारशी भासली नाहीं, इतकेंच.

एकट्या राजाश्रयावर राहिलेल्या मल्लाचें काय होतें, याचें उदाहरण गामाचें. दतिया आणि पतियाळा या दरबारांचा हा मल्ल १९१० मध्यें लंडनला गेला, तो शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाच्या पैशावर. तेथें १० सप्टेंबर रोजीं पोलंडच्या झ्बिस्कोशीं त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली. पाहुणा बहुतेक वेळ मातीला चिकटून राहिला. आठवड्यानें पुन्हा कुस्ती ठरली, तर झ्बिस्को आलाच नाहीं, आणि 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. १९२८ मध्यें पतियाळ्यास महाराजांनीं तीच जोड पुन्हा लावली. या खेपेस गामानें एका मिनिटाच्या आंत त्याला चीत केलें. अशा पुरुषाचें वार्धक्य, फाळणीनंतर लाहोरांत, आजारांत आणि तंगींत गेलें. हिंदुस्थानांतून बिर्ला यांनीं त्याला साहाय्य पाठविलें. २३ मे १९६० रोजीं तो वारला. राजे गेले होते, आणि त्यांच्या जागीं अद्याप कोणी आलेलें नव्हतें.

कोल्हापुरांत तो बदल कसा घडला, हें खाशाबा जाधव यांच्या दोन प्रवासांवरून जितकें उघड दिसतें, तितकें दुसऱ्या कशावरूनहि दिसत नाहीं. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कराडजवळच्या गोळेश्वर या गांवीं झाला; घरांत वडिलांपासून कुस्ती. पुढें ते कोल्हापुरांत राजाराम महाविद्यालयांत शिकत होते. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस ते गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनीं केला. मातींत वाढलेल्या या तरुणाला तेथें प्रथमच गादीवर लढावें लागलें, तरी आपल्या वजनाच्या गटांत तो सहावा आला. नंतर काय झालें ? १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. महाराज राहिले, खजिना गेला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हां त्याच खाशाबांना पैशांसाठीं दारोदार हिंडावें लागलें. सरकारी मदत अपुरी. गांवकऱ्यांनीं, दुकानदारांनीं वर्गणी दिली. तरीहि भरत नाहीं असें पाहून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें आणि सात हजार रुपये उभे केले. चार वर्षांपूर्वीं जो खर्च राजाच्या खजिन्यांतून झाला, तो आतां एका शिक्षकाच्या घराच्या दगडविटांतून झाला !

हेलसिंकीस खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना हरविलें. जपानच्या इशीशीं झालेली लढत दीर्घ काळ चालली आणि त्यांत ते गुणांवर हरले. पुरती विश्रांति मिळण्यापूर्वींच रशियाच्या मामदबेकोव्हसमोर उभें राहावें लागलें. विश्रांतीचा हक्क मागून घेण्यासाठीं बाजूला कोणी अधिकारी नव्हता. ब्राँझचें पदक मिळालें. स्वतंत्र हिंदुस्थानाला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक, आणि दुसरें यावयास १९९६ साल उजाडलें. कराडकडे परत येतांना १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण त्याहून मला महत्त्वाचें वाटतें तें पुढचें. खाशाबांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, आणि त्या उत्पन्नांतून खर्डेकरांचें घर सोडवून दिलें. ऑलिंपिकचा त्या काळचा नियम असा, कीं खेळाडू शुद्ध हौशी असला पाहिजे, खेळून पैसा मिळविणारा नसावा. नियम करणाऱ्यांच्या घरांवर बहुधा गहाणखतें नसावींत. खाशाबांचें ऋण फिटलें तें तिकीट काढून मातीभोंवतीं बसलेल्या लोकांच्या पैशानें. शाहू महाराजांनीं १९१२ मध्यें ज्या दुसऱ्या धन्याची व्यवस्था करून ठेवली होती, तो ऐन वेळीं उपयोगी पडला. खाशाबा १९५५ सालीं पोलीस खात्यांत फौजदार झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें जाहीर झाला, तोहि मरणोत्तर.

यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कोल्हापूरच्या मातीला बहर आला. १९५९ मध्यें 'हिंद केसरी' हा किताब दिल्लींत श्रीपति खंचनाळे यांनीं मिळविला. पुढच्या वर्षीं गणपतराव आंदळकरांनीं. हे दोघेहि कोल्हापूरच्या तालमींत मोठे झालेले. किताबाबरोबर मैदानांतील मानधनाचा भाव वाढे, आणि तें मानधन देणारा प्रेक्षक होता शेतकरी. उंसाचा पैसा खेळूं लागला होता, सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. कांहीं कारखान्यांनीं मल्लांना मासिक मानधन देण्याची पद्धत पाडली. वारणेचें मैदान आणि कागलच्या शाहू कारखान्याच्या स्पर्धा त्यांतूनच नांवारूपास आल्या. म्हणजे राजाच्या जागीं आला कारखान्याचा चेअरमन. हें वाक्य कोणी थट्टेनें घेऊं नये. हजारों सभासदांच्या पैशाचा हिशेब देऊन त्यांतला कांहीं भाग पोरांच्या दुधाला राखून ठेवणें, हें राजाच्या उदारपणापेक्षां कठीण काम आहे. फक्त चेअरमन पांच वर्षांनीं बदलूं शकतो, आणि पैलवान तयार व्हावयास दहा लागतात.

आपल्या मराठवाड्यानें या साऱ्यांत काय केलें, असें आपण विचाराल. हिंगोली ही १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी; तिचा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. मधल्या काळांत इकडे जत्रा होत्या, फड होते, तयार अंगाचीं पोरें होतीं. शाहू महाराजांसारखा धनी नव्हता, आणि कारखान्यांचा पैसाहि इकडे उशिरां आला. म्हणून इकडच्या पोरानें काय करावें, तर ट्रंक आणि पितळी तांब्या घेऊन कोल्हापूरची गाडी धरावी. आजच्या लातूर जिल्ह्यांतील निलंगा तालुक्यांत रामलिंग मुदगड नांवाचें गांव आहे. तेथला हरिश्चंद्र बिराजदार असाच कोल्हापूरच्या गंगावेस तालमींत गेला. १९६९ मध्यें तो 'महाराष्ट्र केसरी' झाला, १९७० मध्यें एडिंबरोस राष्ट्रकुलाच्या स्पर्धेंत त्यानें सुवर्णपदक मिळविलें, १९७२ मध्यें 'रुस्तम-ए-हिंद' झाला. परंतु लोकांच्या तोंडीं अजून जी कुस्ती आहे ती १९७७ सालची, बेळगांवची. समोर दिल्लीचा सतपाल, गुरु हनुमानांचा पट्ट्या, उंच, तरुण, त्या वेळीं कोणाला हार न जाणारा. बिराजदारानें त्याला मातीवर चीत केलें. त्या एका निकालाबद्दल मराठवाड्यांतले वृद्ध लोक असे बोलतात, जणूं ती जीत त्यांच्या स्वतःच्या शेतांत पिकली. एका परीनें तें खरेंच आहे. अशा मुलाचा पहिल्या वर्षांचा खुराक ना राजा देतो, ना कारखाना. किताब मिळण्यापूर्वीं त्याला कोण ओळखतो? तो देतो त्याचा बाप. दूध देणारी म्हैस विकून, नाहीं तर जमिनीचा तुकडा गहाण टाकून. खर्डेकरांच्या गहाणखताची गोष्ट छापून आली. या बापांचीं गहाणखतें सावकाराच्या पेटींतच राहिलीं. बिराजदारांनीं पुढें पुण्यांत गोकुळ वस्ताद तालमींत अनेक मल्ल तयार केले. २०११ मध्यें ते निवर्तले.

गादी आणि माती यांचा झगडा हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. एवढेंच सांगतों, कीं नोकरी, पदक, परदेशवारी हीं सारीं गादीवर मिळतात, आणि रोख पैसा व लोकांची टाळी मातींत. हुशार गडी दोन्हीकडे लढतो, आणि दोन्हीकडचीं दुखणीं घेऊन घरीं जातो.

२०१८ च्या नोव्हेंबरांत पुण्यास संघवार कुस्तीची एक स्पर्धा भरली, दूरचित्रवाणीवर दाखविण्यासाठीं. 'कोल्हापुरी मावळे' निराळे, 'वीर मराठवाडा' निराळा. प्रत्येक संघाला धनी, प्रत्येक मल्लाला ठरलेली रक्कम. सिन्सिनाटीची दीडशें वर्षांपूर्वींची कल्पना अशी आपल्या दारीं आली. मला या प्रकाराचा तिरस्कार नाहीं. पैसा उघड ठरला आणि वेळेवर मिळाला, तर तो कोणत्याहि दरबारी मेहेरबानीपेक्षां बरा. मात्र दरवर्षीं भरणारी ती जत्रा झाली नाहीं. हलगी आणि रेवड्या यांचा फड शतकानुशतकें न चुकतां भरतो, तो कोणा एका धन्याच्या लहरीवर नसल्यामुळें.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापुरांत केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. ज्वाळा उठल्या तेव्हां नाटकवाले जसे धांवत आले, तसे तालमींतले पैलवानहि आले, यांत नवल नाहीं. शंभराहून अधिक वर्षांचा तो शेजार होता. पुन्हा उभारणीची मागणी त्याच रात्रीं सुरू झाली, आणि शहरानें ती सोडली नाहीं.

राहतां राहिले म्हातारे मल्ल. जानेवारी २०२३ मध्यें पुण्याच्या 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेच्या वेळीं राज्य सरकारनें त्यांच्या मानधनांत वाढ जाहीर केली : हिंद केसरी वगैरे किताब मिळविलेल्यांस दरमहा पंधरा हजार रुपये, आणि वृद्ध मल्लांस साडेसात हजार, त्यापूर्वीं तो आंकडा अडीच हजार होता. गामाला अशी कांहीं सोय असती, तर बिर्लांच्या मनीऑर्डरची वाट त्याला पाहावी लागली नसती. ही यादी किताब मिळविलेल्यांची आणि थकलेल्यांची आहे. पहाटे चार वाजतां गंगावेशींत हौदा खणणारें, हिंगोलीकडून आलेलें सोळा वर्षांचें पोर तींत बसत नाहीं. त्याच्या दुधाचा हिशेब अजून गांवाकडे, बापाच्या नांवावर चालूं आहे.